इंग्लंडमधलं घर विकताना भारतातल्या फ्लॅटबद्दल सॉलिसिटरला काय सांगायचं

स्लाउमधलं घर विकायला काढलेल्या एका ओळखीच्या जोडप्याचा रविवारी रात्री फोन आला. सॉलिसिटरने, म्हणजे घराच्या व्यवहाराचं काम बघणाऱ्या वकिलाने, पाठवलेली ऑनलाइन प्रश्नावली भरायला दोघं लॅपटॉपसमोर बसले होते. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा फोटो, मॉर्गेजचा खाते क्रमांक, सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक ओळ आली: तुमच्या किंवा तुमच्या जोडीदाराच्या मालकीचं जगात इतर कुठे घर आहे का? हो किंवा नाही.

"मी 'नाही' टाकतोय," नवरा म्हणाला. "कोथरूडच्या फ्लॅटचा इथे काय संबंध? तिथे आईबाबा राहतात."

"अरे, पण त्यावर नाव आपलं दोघांचं आहे ना!"

"म्हणून काय झालं? इथलं घर विकतोय आपण, तिथलं नाही."

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे पुढची पाच मिनिटं मी नुसती ऐकत होते. मी सॉलिसिटर नाही. हिशेबाच्या कामात मात्र बरीच वर्षं गेली आहेत आणि हा वाद मी अनेक घरांत ऐकला आहे. त्या रात्री दोघांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

निव्वळ विक्रीपुरतं बोलायचं तर नवऱ्याचं फारसं चुकत नव्हतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये घर विकणारा माणूस लॉ सोसायटीचा टीए६ नावाचा फॉर्म भरतो. त्यात शेजाऱ्यांशी काही वाद आहे का, मागे वाढवलेल्या खोलीला परवानगी घेतली होती का, पाणी कधी शिरलं होतं का, असे प्रश्न असतात. टीए१० मध्ये तर पडदे ठेवणार की नेणार, कुकर कुणाचा, इथपर्यंत खोलात जातात. दोन्ही फॉर्म विकायच्या घराबद्दल आहेत, कोथरूड त्यात कुठेच बसत नाही. घेणाऱ्यालाही तुमच्या पुण्यातल्या फ्लॅटशी देणंघेणं नसतं. लँड रजिस्ट्रीत घर तुमच्या नावावर आहे आणि मॉर्गेज फेडलं जाणार आहे, एवढं त्याच्या सॉलिसिटरला पुरतं.

मग हा प्रश्न येतो कुठून? बहुतेकदा तो पुढच्या घराचा असतो. विकणारी माणसं सहसा त्याच दिवशी दुसरं घर घेत असतात आणि दोन्ही फायली एकाच सॉलिसिटरच्या टेबलावर असतात. नव्या घराचं स्टॅम्प ड्युटीचं रिटर्न कम्प्लिशननंतर, म्हणजे व्यवहार पुरा होऊन घर हातात येतं त्या दिवसानंतर, १४ दिवसांत एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडे, जावं लागतं. ते भरतो सॉलिसिटर, पण भरतो तुमच्या नावाने, आणि त्यातल्या माहितीची जबाबदारी तुमची असते. त्या रिटर्नमध्ये मालमत्तेच्या प्रकाराला एक कोड आहे. साधं राहतं घर असेल तर ०१, जादा घर म्हणून वाढीव दर लागणार असेल तर ०४. आपल्याकडे 'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट सांगतात, तसाच हा एका आकड्याचा मामला आहे.

त्या एका आकड्याची किंमत बघा. १ एप्रिल २०१६ पासून इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये दुसरं घर घेणाऱ्याला नेहमीच्या स्टॅम्प ड्युटीवर ३ टक्के जास्त भरावे लागू लागले. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ते ५ टक्के झाले. हा सरचार्ज किमतीच्या वरच्या टप्प्यावर नाही, पूर्ण किमतीवर बसतो. समजा ४,५०,००० पौंडांचं घर घेताय. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी पहिल्या १,२५,००० वर काही नाही, पुढच्या १,२५,००० वर २ टक्के म्हणजे २,५००, उरलेल्या २,००,००० वर ५ टक्के म्हणजे १०,०००. एकूण १२,५०० पौंड. सरचार्ज लागला तर त्यात ४,५०,००० चे ५ टक्के, म्हणजे २२,५०० वाढतात आणि आकडा ३५,००० वर जातो.

आणि दुसरं घर मोजताना कायदा सगळं जग बघतो. पुणे, नागपूर, दुबई, कुठेही असो.

हे ऐकून नवरा लगेच म्हणाला, "बघ, म्हणूनच मी 'नाही' टाकत होतो." गंमत अशी, की त्याच्या बाबतीत 'हो' म्हटल्याने एक पेनीही वाढणार नव्हती. राहतं घर विकून त्याच्या जागी राहायला दुसरं घर घेणाऱ्याला हा सरचार्ज लागत नाही, मग त्याच्या नावावर जगात आणखी किती घरं आहेत याला महत्त्व नाही. स्लाउचं घर त्यांचं राहतं घर, ते विकून रेडिंगमध्ये राहायला घर घेणार, जुन्या घरात काही हिस्सा मागे ठेवणार नाहीत. झालं. ज्या खोट्याने काही मिळणार नाही, ते खोटं तो स्वतःच्या नावाने लिहून द्यायला निघाला होता. माझ्या बघण्यातली निम्मी माणसं तरी अशीच असतात. फ्लॅटची अडचण नसते, भीतीने लिहिलेल्या 'नाही'ची होते.

आता ज्यांना खरंच फरक पडतो, त्यांच्याकडे वळू.

पहिला मुद्दा तारखेचा. कायदा कम्प्लिशनच्या दिवसाची अखेर धरतो. त्या दिवशी रात्री बारा वाजता तुमच्या नावावर काय काय आहे, एवढंच तो बघतो. सकाळी अकराला जुनं घर गेलं आणि दुपारी दोनला नवं आलं, तरी जुनं तुमच्या खात्यात धरलं जात नाही. पण विक्री-खरेदीची साखळी तुटली, जुन्याचा ग्राहक पळाला आणि नवं आधी घ्यावं लागलं, तर त्या रात्री दोन्ही तुमचीच असतात. अशा वेळी सरचार्ज आधी भरायचा आणि जुनं राहतं घर तीन वर्षांत विकलं की परत मागायचा. मागायलाही मुदत आहे: जुनं घर विकल्यापासून किंवा नव्याच्या रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून, जे नंतर येईल त्यापासून १२ महिने. हे पैसे परत मागायचे विसरलेली माणसं मला भेटली आहेत, आणि रक्कम आठवली की त्यांचा चेहरा बघवत नाही.

दुसरा मुद्दा त्याच तीन वर्षांचा, पण उलट बाजूने. घर विकलं आणि लगेच घेतलं नाही, मुलांच्या शाळेसाठी किंवा बाजार उतरेल या आशेने भाड्याने राहिलात, तर विकल्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. १४ मार्च २०२६ ला विक्री पूर्ण झाली तर नवं राहतं घर मार्च २०२९ च्या मध्यापर्यंत घेतलं पाहिजे. त्यानंतर घेतलंत तर 'जुन्याच्या जागी नवं' ही सवलत गेली, आणि इतके दिवस बिनकामाचा वाटणारा कोथरूडचा फ्लॅट एकदम मोजला जातो. विक्रीच्या सॉलिसिटरला फ्लॅटबद्दल सांगायचं हे मला सगळ्यात व्यवहारी कारण वाटतं. नुसती विक्री असेल तर तो आपणहून तीन वर्षांचा विषय काढणार नाही. तुम्ही सांगितलंत तर निदान फाइलवर नोंद राहते, आणि तुमच्या डोक्यातही.

तिसरा मुद्दा 'तुमचं' म्हणजे नेमकं कुणाकुणाचं. एकत्र राहणारे नवरा-बायको या हिशेबात एकच धरले जातात. नवं घर एकट्या नवऱ्याच्या नावावर घेतलं आणि फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर आहे, म्हणून सुटका होत नाही. अज्ञान मुलाच्या नावाने ठेवलेलं घरही आईवडिलांच्याच खात्यात येतं. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना हा नियम नाही, पण दोघं मिळून घेत असतील तर दोघांपैकी एकाकडे दुसरं घर असलं तरी संपूर्ण खरेदीवर सरचार्ज बसतो.

मग येतो वाडा. आपल्या लोकांचे सगळ्यात जास्त प्रश्न इथे असतात. आजोबांचा वाडा, त्यात चार भावंडांचे हिस्से, कागदावर नाव चढलंय की नाही हेही धड माहीत नाही. दोन नियम लक्षात ठेवले की बराच गुंता सुटतो. एक, तुमच्या हिश्श्याची बाजारभावाने किंमत ४०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर तो हिस्सा मोजला जात नाही. वाडा एक कोटीचा आणि तुमचा हिस्सा चौथा, म्हणजे २५ लाख. पौंड ११५ रुपयांना धरला तर साधारण २१,७०० पौंड. मोजायची गरज नाही. मात्र किंमत कशावरून काढली याचा एक कागद, निदान स्थानिक एजंटाचं पत्र, जपून ठेवा. दोन, वारशाने मिळालेला हिस्सा निम्मा किंवा निम्म्याहून कमी असेल तर वारसा मिळाल्यापासून पहिली तीन वर्षं तो धरत नाहीत. इथेही नवरा-बायकोचं मिळून निम्म्याच्या वर जाता कामा नये.

शेतजमीन, मोकळा प्लॉट यांना घर म्हणत नाहीत. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. शेतात बंगला बांधला असेल तर मात्र ते घर झालं. बुक केलेला पण ताबा न मिळालेला फ्लॅट असेल तर स्वतः निर्णय देऊ नका, करारनामा सॉलिसिटरसमोर ठेवा. आणि "नाव नुसतं नावापुरतं आहे, पैसे बाबांचे" हे वाक्य फार जपून वापरा. इथल्या कायद्यात खरा लाभ कुणाचा याला अर्थ आहे हे खरं, पण भारतात १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा आहे आणि २०१६ मध्ये तो चांगलाच कडक झाला आहे. इथे हजारो पौंड वाचवण्यासाठी लिहून दिलेलं वाक्य तिथे आईवडिलांच्या अंगाशी येऊ नये. दोन्हीकडचा कायदा कळणाऱ्या माणसाला आधी विचारा.

स्टॅम्प ड्युटीनंतर लोक कॅपिटल गेन्सला घाबरतात. "भारतात दुसरं घर आहे म्हटल्यावर इथल्या घराच्या नफ्यावर टॅक्स लावतील." साधारणपणे नाही. राहत्या घराच्या नफ्यावर मिळणारी सूट तुम्ही तिथे राहत होता का यावर ठरते, दुसरं घर नुसतं मालकीचं असण्यावर नाही. भाड्याने दिलेला पुण्याचा फ्लॅट हे तुमचं निवासस्थानच नाही. आईबाबा राहतात आणि तुम्ही दिवाळीत तीन आठवडे जाता, तरी घोर लावून घेऊ नका. एप्रिल २०१५ पासूनचा नियम असा, की ज्या देशात तुम्ही टॅक्ससाठी रहिवासी नाही, तिथलं घर त्या करवर्षात तुमचं निवासस्थान धरायला निदान ९० दिवस तरी तिथे राहावं लागतं. नवरा-बायकोचे दिवस एकत्र धरता येतात, एकच दिवस दोनदा मात्र नाही. कुणी खरोखर दोन्हीकडे अर्धं-अर्धं वर्ष काढत असेल तर मुख्य घर कोणतं हे एचएमआरसीला दोन वर्षांच्या आत कळवायची सोय आहे. अशा माणसाने घर विकायच्या बरंच आधी टॅक्सवाल्याकडे जावं. घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करणारे बहुतेक सॉलिसिटर पहिल्याच पत्रात 'आम्ही टॅक्सचा सल्ला देत नाही' असं लिहितात, पण ते पत्र वाचतो कोण!

भारतात परत गेलेल्यांचं वेगळं आहे. विक्रीच्या वेळी तुम्ही ब्रिटनचे रहिवासी नसाल तर टॅक्स लागो वा न लागो, कम्प्लिशनपासून ६० दिवसांत एचएमआरसीला कळवावंच लागतं. इथे राहणाऱ्याला संपूर्ण सूट मिळत असेल तर ही कटकट नाही. इंग्लंडमधलं घर भाड्याने देऊन पुण्यात स्थायिक झालेल्या माणसाला हे माहीतच नसतं आणि १०० पौंडांच्या दंडाचं पत्र मात्र घर शोधत येतं. म्हणून सॉलिसिटरला फ्लॅट आहे एवढंच न सांगता, सध्या राहता कुठे हेही स्पष्ट सांगा.

आता पैशांच्या उगमाचा प्रश्न, आणि इथे आपली माणसं उगाच दुखावतात. "आम्ही काय चोर आहोत?" नाही. २०१७ च्या मनी लाँडरिंगविरोधी नियमांनुसार प्रत्येक ग्राहकाची ओळख तपासणं आणि गरजेप्रमाणे पैसा कुठून आला हे विचारणं सॉलिसिटरवर बंधनकारक आहे. तुमच्या गोऱ्या शेजाऱ्यालाही तेच विचारतात. नव्या घरात पुण्यातली जागा विकून आलेले पैसे घालणार असाल, तर ती जागा तुमची होती हे ओघानेच सांगावं लागतं. खरेदीखत, विक्रीचा करार, भारतातल्या खात्याचं स्टेटमेंट, सीएचं प्रमाणपत्र आणि बँकेतून पैसे निघाल्याची पावती अशी सलग साखळी दाखवता आली की काम भागतं. एनआरओ खात्यातून, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यातून, एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पण कागद जमवायला वेळ जातो. कम्प्लिशनच्या आठवड्यात मुंबईच्या शाखेला फोन लावत बसण्यापेक्षा घर बाजारात टाकतानाच सुरुवात केलेली बरी.

"पण सॉलिसिटरला सांगितलं म्हणजे एचएमआरसीला सांगितलंच ना?" फोनवर बायकोने हा प्रश्न विचारला, आणि तो रास्त आहे. नाही. सॉलिसिटरवर गोपनीयतेचं बंधन असतं. तुम्ही सल्ला मागताना सांगितलेली माहिती तो आपणहून वाटत फिरत नाही. मात्र "फ्लॅट आहे, पण रिटर्नमध्ये नाही असं लिहा" असं सांगितलंत तर तो तसं लिहू शकत नाही, बहुधा काम सोडून देईल. करचुकवेगिरीचा संशय आला तर कायद्यानुसार त्याला नॅशनल क्राइम एजन्सीकडे अहवाल द्यावा लागू शकतो, आणि असा अहवाल दिला हे तुम्हाला कळवायची त्याला मनाई असते. कम्प्लिशन अचानक का रखडलं, हे मग तुम्हाला कुणीच सांगत नाही.

एक अवघड परिस्थिती उरते, आणि ती मी ओळखीतच पाहिली आहे. पुण्यात २०१३ मध्ये फ्लॅट घेतला. इथे २०१९ मध्ये पहिलं घर घेतलं, ३,८०,००० पौंडांना. तेव्हा विचारलं गेलं, आणि "इथलं पहिलंच तर घर आहे" असं मनाशी म्हणून त्याने 'नाही' टाकलं. इथलं पहिलं असलं तरी जगातलं दुसरं होतं, आणि ते कुठल्या विकलेल्या राहत्या घराच्या जागीही नव्हतं. तेव्हाच्या ३ टक्क्यांनी ११,४०० पौंड सरचार्ज लागत होता. आता घर विकताना नव्या सॉलिसिटरला खरं सांगितलं तर जुनं उघडं पडणार.

नऊ महिन्यांत कुणी विचारलं नाही म्हणजे सुटलो, असं त्याला वाटत होतं. नऊ महिने ही एचएमआरसीला नेहमीची चौकशी सुरू करायची मुदत आहे. त्यानंतर नवी माहिती हाती लागली तर चार वर्षं मागे जाता येतं, निष्काळजीपणा असेल तर सहा, मुद्दाम केलं असेल तर वीस. दंड निष्काळजीपणाला बुडालेल्या कराच्या ३० टक्क्यांपर्यंत, मुद्दाम केल्यास ७० पर्यंत, मुद्दाम करून वर लपवल्यास १०० पर्यंत. पण त्यांनी विचारायच्या आधी स्वतः जाऊन सांगितलं, तर निष्काळजीपणाचा दंड शून्यावरही येऊ शकतो. मूळ रक्कम आणि व्याज भरावं लागतंच. तो टॅक्स सल्लागाराकडे गेला, पत्र लिहिलं, पैसे भरले. महिनाभर घरात कुणी त्याच्याशी धड बोललं नाही, पण नव्या खरेदीत 'हो' लिहिताना हात थरथरला नाही.

याच्या जोडीला भाड्याचं उत्पन्न असतंच. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर ब्रिटनच्या रहिवाशाने ते भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं, भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते. "पैसे भारतातच राहतात" हा काही जणांना चालणारा युक्तिवाद ६ एप्रिल २०२५ ला रेमिटन्सची पद्धत, म्हणजे परदेशी उत्पन्न ब्रिटनमध्ये आणलं तरच त्यावर कर, बंद झाली तेव्हा संपला. इथे नव्याने आलेल्यांना पहिली चार वर्षं वेगळी सवलत आहे, बाकीच्यांना नाही. मागचं भाडं दाखवायचं राहिलं असेल तर ते स्वतःहून कळवायला एचएमआरसीची परदेशी उत्पन्नासाठी वर्ल्डवाइड डिस्क्लोजर फॅसिलिटी आहे. २०१७ पासून बँक खात्यांची माहिती दोन्ही देशांत आपोआप जाते-येते, त्यामुळे भाडं जमा होणारं खातं तिकडे गुपचूप बसून राहील या भरवशावर राहू नका.

स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कराचं नाव, दर आणि मुदती वेगळ्या आहेत. स्कॉटलंडमध्ये जादा घराचा दर ५ डिसेंबर २०२४ पासून ८ टक्के आहे. परदेशातली घरं तिथेही मोजतात.

स्लाउच्या जोडप्याने त्या रात्री 'हो' टाकलं. त्यांचं इथलं घर २०१७ चं आणि फ्लॅट २०२० चा, त्यामुळे मागचं काही उकरायचं नव्हतं. दोन दिवसांनी सॉलिसिटरचा मेल आला: फ्लॅटचा पत्ता, कुणाचा किती हिस्सा आणि अंदाजे किंमत कळवा. हिस्सा दोघांपैकी कुणालाच आठवेना. शेवटी कोथरूडच्या आईंनी कपाटातून इंडेक्स टू काढला, डायनिंग टेबलावर पसरला आणि फोटो पाठवला, कोपऱ्यात चष्म्याची डबी आली होती. हिस्सा निम्मा-निम्मा निघाला. रेडिंगच्या रिटर्नचा मसुदा सहीसाठी आला तेव्हा बायकोने सगळ्यात आधी मालमत्तेच्या प्रकाराचा रकाना शोधला. तिथे ०१ होतं.